खंजिरीवाले महाराज : तुकडोजींच्या भजनांची पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठाला 2005 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. विदर्भातल्या कितीतरी गावांत त्यांचे पुतळे आहेत, शाळांच्या भिंतींवर त्यांच्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथातल्या ओव्या रंगवलेल्या दिसतात. या सगळ्या मानसन्मानात एक साधी गोष्ट मागे पडते, ती म्हणजे हा माणूस आधी गाणारा होता. गाणं स्वतः रचायचं, स्वतःच म्हणायचं आणि दोन कडव्यांच्या मध्ये गावाला दोन शब्द सुनवायचे, हा त्यांचा मूळ धंदा. संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक ही बिरुदं त्या गाण्याच्या मागून चालत आली.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म 30 एप्रिल 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिलं असं सांगतात, आणि पुढे भजनाच्या शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा कायमची बसली. ऐन पोरवयात माणिक घर सोडून रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या जंगलपट्ट्यांत भटकला. त्या काळाबद्दल चमत्काराच्या कथा भरपूर आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी एवढं उरतं की जंगलातून परतलेल्या या तरुणाचं भजन ऐकायला गावंच्या गावं लोटू लागली.

हातात होती फक्त खंजिरी. लाकडी कड्यावर ताणून बसवलेलं चामडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पावसाळी हवेत चामडं सैल पडलं की आगटीवर शेकायची आणि पुन्हा सुरू करायची. कीर्तनकाराला मृदंग लागतो, टाळकरी लागतात, मागे उभं राहणारं मंडळ लागतं. खंजिरीवाला एकटा गावात शिरतो आणि पारावर बसून सुरू करतो. खर्च नाही, बिदागीची वाट पाहणं नाही. महाराजांच्या गाण्याची सगळी ठेवण या वाद्यातून आली आहे. ध्रुपद आखूड, चटकन तोंडी बसणारं, कारण ते पाठीमागे गावानं उचलायचं असतं. अंतऱ्यात मात्र जे सांगायचं ते ठासून सांगायला जागा मिळते. ठेका थांबला की बोलणं, बोलणं संपलं की पुन्हा ठेका.

‘मनी नाही भाव’ हे त्यांचं भजन महाराष्ट्रभर माहीत आहे. त्यात देव हा काही बाजारातला भाजीपाला नाही, असं रोखठोक बजावलेलं आहे. आठवडी बाजाराला गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही. पैसे टाकले, पिशवी भरली, घरी आलो, हा व्यवहार देवाशी चालणार नाही. इथे तत्त्वज्ञान आहे, पण ते गावातल्या माणसाच्या हातातल्या पिशवीतून बाहेर काढलेलं आहे. मला विचाराल तर महाराजांची खरी कारागिरी अशा जागी दिसते. ग्रामगीतेचं मोल मोठं आहे, पण तिच्यातल्या काही ओव्या कवितेपेक्षा सूचनापत्राच्या जवळ जातात. भजनांत असं सहसा होत नाही.

त्याच मुलखात, त्याच काळात आणखी एक माणूस गावोगाव हिंडत होता. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे, वयानं 33 वर्षांनी मोठे. बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांचं कीर्तन म्हणजे अस्सल वऱ्हाडीत श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांची फैर. तुकडोजी लिहीत होते, छापत होते, आणि त्यांची मराठी सोपी असली तरी प्रमाण वळणाची. शिवाय ते हिंदीतही तितक्याच सहजपणे रचत. याचं कारण भूगोलात आहे. तेव्हा हा सगळा भाग मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, नागपूर राजधानी, कारभारात आणि बाजारात हिंदीचा वावर रोजचा. सातपुड्याच्या पलीकडच्या बैतूल-छिंदवाड्याकडेही तीच खंजिरी चालत होती. विदर्भ मुंबई राज्यात आला तो 1956 मध्ये, तोवर महाराजांची बहुतेक घडण होऊन गेली होती.

1935 साली सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला. तीन लाखांहून अधिक लोक जमले असं सांगितलं जातं. आकडा जरा कमी धरला तरी, भजन म्हणणाऱ्या पंचविशीतल्या तरुणासाठी ही गर्दी विलक्षणच. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि महाराज तिथे महिनाभर राहिले. सफाई, खादी, अस्पृश्यता निवारण हे विषय भजनांत ठळक होत गेले ते यानंतर, असं म्हणायला हरकत नाही.

मग आलं 1942. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये महाराजांच्या भजनांनी वातावरण तापलेलं होतं. झाडझुडपं शस्त्रं होतील, दगडांचे बॉम्ब बनतील, भक्तांचीच फौज उभी राहील, अशा अर्थाचं त्यांचं हिंदी पद आजही तिथले लोक म्हणून दाखवतात. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. मिरवणुकीवर गोळीबार झाला, चिडलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना ठार केलं, आणि नंतर आलेल्या फौजेनं गावावर जे अत्याचार केले त्यांची चर्चा देशभर झाली. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही त्याच दिवशी रक्त सांडलं. 28 ऑगस्टला महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूरचा तुरुंग, आणि डिसेंबरात सुटका. गाण्यामुळे गाव उठलं की उठलेल्या गावाला गाणं सापडलं, याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. पण सेवाग्रामला महिनाभर राहिलेल्या माणसाच्या पदात दगडांचे बॉम्ब यावेत, ही विसंगती झाकून ठेवण्याचंही कारण नाही. इंग्रज सरकारला मात्र गाणं पुरेसं धोक्याचं वाटलं होतं.

तुरुंगातून आल्यावर जोर संघटनेवर आला. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळ या संघटनेच्या शाखा गावोगाव निघाल्या. ते सोपं गेलं, कारण भजनी मंडळं आधीच बसलेली होती. संध्याकाळी जमणारी तीच माणसं आता सामुदायिक प्रार्थनेला बसू लागली, सकाळी झाडू घेऊन निघू लागली. 1955 ची ग्रामगीता ही या सगळ्या अनुभवाची बांधणी आहे. 41 अध्याय, 4675 ओव्या, आणि विषय असे की पोथीत शोधून सापडणार नाहीत : गावाचं आरोग्य, गोवंश सुधार, श्रम, लग्नातला खर्च, अंत्यसंस्कार. भजनाच्या प्रभावावर तिच्यात स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या हत्याराची ताकद त्यांना पुरती ठाऊक होती.

त्याच वर्षी जपानमधल्या विश्वधर्म परिषदेलाही ते गेले, अर्थात खंजिरीसकट. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भजन ऐकून ‘राष्ट्रसंत’ म्हटलं आणि ती उपाधी नावाला चिकटली ती चिकटलीच. गांधीवादी त्यांना आपले मानतात, 1964 मध्ये स्थापन झालेल्या विश्व हिंदू परिषदेच्या संस्थापकांतही त्यांचं नाव येतं. ज्याला जो तुकडोजी हवा तो त्याला मिळतो, आणि प्रत्येकाकडे पुराव्याला एखादं पद असतंच.

11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला महाराज गेले. त्यांची पुण्यतिथी अश्विन वद्य पंचमीला येते. तेव्हा गुरुकुंजात जमणारी माणसं मुख्यतः खेड्यांतली असतात, भगव्या टोप्या घातलेली, पिशवीत भजनाची वही बाळगणारी. गाणं मात्र मोझरीत अडकून राहिलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजिऱ्या वाजवत हुंडा, दारू, बुवाबाजीवर बोलतात. त्यांच्या बोलण्यात गाडगेबाबांची खोचक तऱ्हा आहे आणि हातात तुकडोजींचं वाद्य. खंजिरी भजन स्पर्धाही वर्धा, चंद्रपूर, यवतमाळकडे जोरात असतात. पुरुषांचा, महिलांचा, लहान मुलांचा गट वेगळा. मंडळं रात्र रात्र बसून तालीम करतात, पेटी-तबला जोडीला घेतात, एकसारखे कपडे शिवून घेतात. गुण सुरांना, तालाला, सादरीकरणाला. महिलांच्या मंडळांचा उत्साह यात विशेष दिसतो, आणि जिथे दारूबंदीचा विषय तापलेला असतो तिथे त्याच बायका त्याच खंजिऱ्या घेऊन ग्रामसभेलाही जाऊन बसतात.