पगार की बिल? व्हर्च्युअल असिस्टंट आणि घरून काम करणारी कर्मचारी

"काल दुपारी तीन ते चार ऑनलाइन दिसली नाहीस गं. कुठे होतीस?"

हा मेसेज आला तेव्हा मी साताऱ्यात माझ्या घरी, माझ्याच लॅपटॉपवर दुसऱ्या एका क्लायंटचं काम करत होते. मेसेज करणाऱ्या ताईंचा पुण्यात साड्या आणि ड्रेस मटेरियलचा छोटा व्यवसाय आहे. आमचं ठरलं होतं ते असं: व्हॉट्सॲपवरच्या चौकश्यांना सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला उत्तरं द्यायची, दिवसभरातल्या ऑर्डरी रात्री नऊच्या आत शीटमध्ये भरायच्या आणि महिन्याला बारा पोस्ट टाकायच्या. आदल्या दिवशी यातलं काहीही राहिलेलं नव्हतं. तीन ते चार मी सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. पण ते ताईंना सांगावं की नाही, यातच माझी पंधरा मिनिटं गेली. सांगितलं तर पुढच्या वेळी आधी परवानगी मागावी लागणार, आणि नाही सांगितलं तर मी शिष्ट ठरणार.

ताईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मते त्यांनी घरून काम करणारी मुलगी कामाला ठेवली होती. माझ्या मते मी व्हर्च्युअल असिस्टंट होते, म्हणजे लांबून त्यांना सेवा देत होते आणि महिनाअखेरीला बिल पाठवत होते. लांबून बघितलं तर दोन्ही अगदी सारखं दिसतं. तीच इनबॉक्सची साफसफाई, त्याच अपॉइंटमेंट, तेच कुरिअरचे फॉलो-अप आणि तेच "दादा, पेमेंट राहिलंय" असे गोड मेसेज. कामाची यादी बघून व्हर्च्युअल असिस्टंट कोण आणि घरून काम करणारी कर्मचारी कोण, हे ओळखायला जाल तर फसाल.

फरक कळतो तो काम कसं आणि कधी करायचं हे कोण ठरवतं, यावरून. मालकीणबाईंनी "शनिवारपर्यंत पन्नास ग्राहकांना बिलं गेली पाहिजेत" म्हटलं आणि ती मी रात्री पाठवायची की पहाटे, हाताने करायची की टेम्प्लेट लावून, हे माझ्यावर सोडलं, तर मी व्यावसायिक. "दहा ते सात लॉगिन राहा, जेवायला जाताना सांग, हे झालं की ते घे" असं असेल तर ती नोकरीच आहे, मग वर नाव काहीही असो. करारावर जाड अक्षरात 'फ्रीलान्सर' छापलं म्हणून कोणी फ्रीलान्सर होत नाही.

याबाबत मला शिंप्यांचा एक खटला फार आवडतो. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये निकाल दिला. दुकानातल्या कारागिरांना मजुरी नगावर मिळत होती आणि दिवसभर दुकानात बसायचं बंधन नव्हतं. म्हणजे वरवर बघता प्रत्येक जण आपापल्या धंद्याचा मालक. तरी न्यायालयाने त्यांना दुकानाचे कर्मचारीच मानलं. यंत्रं बहुतेक मालकाची होती आणि शिवण पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा शिवून घ्यायचा अधिकार मालकाचा होता, या गोष्टींना निकालात वजन आहे. शिलाई मशीनच्या जागी लॅपटॉप ठेवा आणि उसवून शिवण्याच्या जागी "हा मेसेज असा नको, मी सांगते तसाच टाइप कर" ठेवा. बरेच 'फ्रीलान्स' व्यवहार या कसोटीवर डळमळतील.

आता पैशांकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

ताई एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, महिना अठरा हजारांत दिवसभर बसणारी मुलगी मिळते. तू तासाला तीनशे कसे काय लावतेस?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी कागद घेऊन बसले. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. १८,००० ला २०८ ने भागलं की तासाला साधारण ८७ रुपये पडतात. पण नोकरी करणारीला २०८ तासांचे पैसे मिळतात, त्यात चहा, गप्पा, नेट गेलं म्हणून बसून राहणं, सगळं आलं. माझ्या महिन्यात बिल लावता येतील असे तास जेमतेम शंभर निघतात. बाकीचे नवीन क्लायंट शोधण्यात, कोटेशन देण्यात, स्वतःचीच बिलं करण्यात आणि "नक्की कळवतो" म्हणणाऱ्यांना पुन्हा फोन करण्यात जातात. ८७ च्या दराने शंभर तास म्हणजे ८,७०० रुपये. त्यातून लॅपटॉप, इन्व्हर्टर, दोन इंटरनेट कनेक्शन (एक गेलं तर दुसरं हवंच), डिझाइनच्या ॲपची वर्गणी. आजारी पडले तर त्या दिवसाची कमाई शून्य, आणि दिवाळीला बोनस नाही, मिठाईचा बॉक्स आला तर आला. तीनशेचा दर त्यातून येतो. त्यात माज नाही, हिशोब आहे.

नव्याने या कामात उतरणाऱ्या मुली नेमकं इथेच चुकतात. पगाराला तासांनी भागतात, तोच दर सांगतात आणि सहा महिन्यांनी "यात काही राम नाही" म्हणून सोडून देतात.

उलट्या बाजूनेही एक भ्रम आहे. नोकरी म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी, सुरक्षितता, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण पीएफचं बंधन साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे, ईएसआयचं (कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं) १० पासून पुढे. तीन जणांच्या बुटीकमध्ये किंवा एकट्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी घेतली तर यातलं काहीच न मिळण्याची शक्यता मोठी. नोकरीची बंधनं सगळी आणि फायद्यांच्या नावाने फक्त एक तारखेचा पगार. तरी एक तारखेला खात्यात पैसे येण्याचं सुख मी कमी लेखणार नाही. घराचा हप्ता असेल तर ते सुख फार मोठं आहे.

कराचं थोडक्यात सांगते. पगारदाराला नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आपोआप मिळते. मला ती नाही, पण धंद्याचा खरा खर्च मी दाखवू शकते. टीडीएसची (पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराची) गंमत अशी की माझ्या एका क्लायंट कंपनीचा अकाउंटंट माझ्या कामाला कंत्राट म्हणतो आणि १% कापतो, दुसरीचा व्यावसायिक फी म्हणतो आणि १०%. दोन्ही शेवटी माझ्या पॅनवर जमा दिसतं, म्हणून मी वाद घालत नाही. आणि ताईंसारख्या एकट्या मालकिणीची उलाढाल आदल्या वर्षी १ कोटीच्या आत असेल तर त्यांच्यावर टीडीएस कापायचं बंधनच नाही. तिथे पूर्ण रक्कम हातात येते आणि ती पूर्ण खर्च करायची नसते, हे पहिल्या मार्चमध्ये आगाऊ कर भरताना कळतं. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख. तिथवर मी पोचले की मग बघू.

व्यवसाय कर मात्र विसरू नका. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून मालक तो कापतो, बहुतेकांचा दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. स्वतःचा धंदा असेल तर नावनोंदणी करून २,५०० आपले आपणच भरायचे. मला हे दोन वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर व्याजासकट भरले.

पैसे अडकले की दोन्हीचे रस्ते पूर्ण वेगळे होतात. पगार थकला तर माणूस कामगार कार्यालयात जातो. बिल थकलं तर तिथे कोणी दारात उभं करत नाही. पण उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, केलेली असेल (ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका), तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याचा आधार मिळतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी ठेवता येत नाही, आणि करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. मी आजवर कोणाविरुद्ध तक्रार केलेली नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापायला लागल्यापासून "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणारे कमी झाले.

आणखी एक फरक आहे, तो दोन्ही बाजूंना माहीत नसतो आणि त्यातून भांडणं होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं त्याची मालकी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकाची. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकी मात्र त्या व्यावसायिकाची, क्लायंटने पूर्ण पैसे दिले असले तरीही, जोवर हक्क सही करून लेखी दिलेले नाहीत तोवर. ताईंच्या पैठणीवर मी लिहिलेला मजकूर कायद्याने माझा होता, हे ऐकून त्या हबकल्या होत्या. आणि हक्क लेखी देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. म्हणून माझ्या करारात आता साधं वाक्य असतं: पूर्ण पैसे मिळाले की सगळा मजकूर आणि डिझाइन कायमचं, जगभरासाठी तुमचं. मला त्या कॅप्शन घेऊन काय करायच्या आहेत? पण हे आधी लिहिलेलं असलं की शेवटचं बिलही वेळेवर येतं.

पासवर्डचंही तसंच आहे. ऑफिसातल्या मुलीला मालक ऑफिसचा फोन आणि ऑफिसचा लॅपटॉप देतात, ती गेली की दोन्ही टेबलावर राहतं. माझा लॅपटॉप माझ्याबरोबरच जाणार. म्हणून मी कोणाचा पासवर्ड घेतच नाही. जीमेलमध्ये डेलिगेट (पासवर्डशिवाय त्यांचे मेल हाताळणारी) म्हणून जोडायचं, गुगल बिझनेस प्रोफाइलवर मॅनेजर करायचं, व्हॉट्सॲप बिझनेस लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडायचं. संबंध संपला की त्यांनी आपल्या खात्यांतून मला काढून टाकलं, झालं. एका क्लायंटने पहिल्याच दिवशी नेटबँकिंगचा आयडी आणि पासवर्ड मेसेजमध्ये पाठवला होता, वर "ओटीपी आला की फोन करतो". मी तो मेसेज डिलीट करायला लावला आणि आधी बँकेचा पासवर्ड बदलायला सांगितलं. त्यांना वाटलं मी काम टाळतेय.

मग छोट्या व्यावसायिकाने काय घ्यावं? फोन वाजला की उचलायला, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला काय हवं ते लगेच विचारून सांगायला, दिवसभर हाकेच्या अंतरावर माणूस हवा असेल, तर कर्मचारीच ठेवा. ते काम माझ्याकडून घ्यायला गेलात तर तुम्हाला महाग पडेल आणि मला जाच होईल. काम तुकड्यांत मोडता येत असेल, आठवड्याला आठ-दहा तासांचं असेल, सीझनला वाढत आणि एरवी ओसरत असेल, तर व्हर्च्युअल असिस्टंट परवडते. माझ्या एका फराळवाल्या काकूंना दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत रोज तीन तास लागतात आणि फेब्रुवारीत महिन्याला तीन. त्यांनी वर्षभर पगार का द्यावा?

मधला प्रकार सगळ्यात वाईट. नोकरीसारखी हजेरी, फ्रीलान्ससारखा बिनसुट्टीचा हिशोब, आणि वर "आपण घरच्यासारखे". यात दोन्ही बाजू मनातल्या मनात धुसफुसत राहतात. मालकिणीला वाटतं पैसे मोजूनही मुलगी हाताशी नाही, मुलीला वाटतं नोकरी नसूनही नजर चोवीस तास.

ताईंना मी त्या दिवशी फोनच केला. म्हटलं, ताई, तीन ते चार मी तुमच्या कामावर नव्हते, आणि मी असायला हवं असं आपलं ठरलेलंही नाही. पण तुम्हाला दिवसभर कोणीतरी हवंय हे मला दिसतंय. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "खरंय गं, दुकानात मी एकटी पडते." दोन महिन्यांनी त्यांनी दुकानात एक मुलगी ठेवली, १८,००० पगारावर. चौकश्या आणि ऑर्डरी तिच्याकडे गेल्या. बारा पोस्ट माझ्याकडे राहिल्या आणि महिन्याचा हिशोब माझ्याकडे आला.

त्या हिशोबात पहिल्याच महिन्यात दिसलं की तिच्या पगारातून सवयीने २०० रुपये व्यवसाय कर कापलाय. बायकांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागतच नाही. ताईंना कळवलं, त्यांनी मुलीला पैसे परत दिले. ते शोधून समजावून सांगायला गेलेला अर्धा तास मी बिलात लावला, दीडशे रुपये. ताईंनी काही न बोलता ते दिले.