पुस्तक अर्धवट मिटलं म्हणजे माणूस निर्दयी असतो का?

आमच्या सोसायटीत सात-आठ जणांचा वाचनकट्टा आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, पोहे-चहा ठरलेला. मागे एकदा त्यात डेव्ह पेल्झरचं 'अ चाइल्ड कॉल्ड इट' फिरलं. 1995 चं पुस्तक. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीमधला मुलगा, आई दारूच्या आहारी गेलेली, भावंडांतला नेमका हाच एक तिने छळायला निवडलेला, उपाशी ठेवायचं, तळघरात झोपवायचं, आणि शेवटी 1973 मध्ये शाळेतल्या लोकांनी पोलिसांना कळवलं तेव्हा सुटका.

पुस्तक एकच, पण चर्चा म्हणजे चार तोंडं चार दिशेला. एकीने एका रात्रीत रडत रडत संपवलं. एक निवृत्त काका म्हणाले, हे सगळं खपावं म्हणून वाढवून लिहिलंय. एकजण (चांगला शिकलेला, दोन मुलांचा बाप) सहज बोलून गेला की पोरानेही काहीतरी केलंच असेल ना, उगाच कोणती आई असं करेल? आणि समोरच्या काकूंनी तर कव्हरवरचं पोराचं तोंड बघवत नाही म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आणि अर्ध्यातच थांबल्या.

मला तेव्हा त्या दोन मुलांच्या बापाचा जाम राग आला होता. पण नंतर मेल्विन लर्नर हा मानसशास्त्रज्ञ वाचला आणि राग थोडा खाली आला, पूर्ण गेला असं नाही.

लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये छापलेला प्रयोग असा. कॉलेजच्या मुलींना टीव्हीवर एक बाई दाखवली, ती पाठांतराची चाचणी देतेय आणि चुकली की तिला विजेचा शॉक बसतोय. प्रत्यक्षात सगळं नाटक, टेप आधीच तयार केलेली, पण बघणाऱ्यांना ते खरं वाटत होतं. काही मुलींना सांगितलं की तुम्ही ठरवलंत तर तिचे शॉक थांबवून तिला उलट बक्षिसाचे पैसे देता येतील, आणि त्यांच्यातल्या जवळपास सगळ्यांनी तेच निवडलं. काहींना मात्र सांगितलं की हे अजून चालू राहणार आहे, तुम्ही फक्त बघायचं. मग सगळ्यांना विचारलं, ही बाई तुम्हाला कशी वाटली? ज्यांना मदत करता आली त्यांचं मत बरं होतं. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी त्याच बाईला नावं ठेवली. गंमत म्हणजे (गंमत कसली) प्रयोगाच्या एका प्रकारात ती बाई दुसऱ्यांसाठी स्वतः त्रास सोसायला तयार झालीय असं भासवलं होतं, तिथे तर तिला सगळ्यात जास्त नावं ठेवली.

लर्नरचं म्हणणं असं की जगात जो तो आपल्या लायकीचंच भोगतो, हा विश्वास आपल्याला जगायला लागतो, नाहीतर रोज सकाळी पोरांना शाळेत पाठवणार कसं? आपण त्याला कर्माची फळं म्हणतो, गेल्या जन्मीचं काहीतरी म्हणतो. निष्पाप माणूस डोळ्यासमोर भोगतोय आणि आपण काही करू शकत नाही, असं झालं की त्या विश्वासाला तडा जातो, आणि तो बुजवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे भोगणाऱ्यातच खोट काढणं. आता बघा, आपण पान 40 वर आहोत, पुढे अजून शंभर पानं हेच चालणार हे माहितीये आणि हात पुस्तकात घालून त्या पोराला बाहेर काढता येत नाही. म्हणजे 'फक्त बघायचं' वाल्या मुलींच्या खुर्चीत आपण बसलोय. लर्नरने पुस्तकांवर काही म्हटलेलं नाही, हे मी जोडतोय, पण मला ते फिट बसलेलं दिसतं.

काकूंचं प्रकरण वेगळं. डॅनियल बॅटसन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये अमेरिकेत 44 विद्यार्थिनींवर असाच शॉकचा नाटकी प्रयोग केला, यातल्या मुलीचं नाव एलेन. ती शॉकने फारच हादरलेली दिसते आणि कारण सांगते: लहानपणी घोड्यावरून विजेच्या कुंपणावर पडले होते. म्हणजे इथेही बालपणीचीच जखम. बघणारीला विचारायचे, तिच्या जागी तू बसशील का? काहींना निघून जायची मुभा होती, दोन फेऱ्या बघा आणि जा, काहींना शेवटपर्यंत बघावंच लागणार होतं. शिवाय निम्म्या जणींना सांगितलेलं की एलेनच्या आवडीनिवडी तुझ्यासारख्याच आहेत, निम्म्यांना उलटं. एलेन आपल्यासारखी नाही असं वाटणाऱ्या आणि निघून जायची मुभा असलेल्या 11 जणींपैकी फक्त 2 तिच्या जागी बसायला तयार झाल्या. आपल्यासारखीच आहे म्हटल्यावर, मुभा असूनही, 11 पैकी 10.

बॅटसनने यावरून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या ज्यांना आपण सरसकट 'वाईट वाटणं' म्हणतो. एकात मन त्या माणसाकडे जातं, दुसऱ्यात आपलाच जीव घाबराघुबरा होतो आणि तो शांत करायचा असतो. नॅन्सी आयझेनबर्ग यांच्या गटाला मुलांमध्ये हा फरक शरीरातही दिसला, कळवळा असला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, स्वतःची घालमेल असली की वाढतात. आणि पुस्तक ही तर कायम उघड्या दाराची खोली, मिटलं की बाहेर. म्हणून मिटणारा निर्दयी असं म्हणता येत नाही, उलट कधीकधी त्याला जरा जास्तच लागलेलं असतं. रात्रीत संपवणाऱ्या मैत्रिणीला कमी लागलं असंही नाही, तिचं मन पोराकडे गेलं, काकूंचं स्वतःकडे वळलं, एवढंच.

राहिले काका. त्यांची शंका मी उडवून लावणार नाही. पेल्झरच्या एका भावाने असा छळ झालाच नाही म्हटलं, दुसऱ्या भावाने मात्र पुढे स्वतःचं पुस्तक लिहून सांगितलं की छळ झाला आणि डेव्ह गेल्यावर पाळी माझ्यावर आली. एकाच घरात वाढलेली पोरं! आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नाही, दर वेळी काढताना ती थोडी नव्याने शिवली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या 1995 च्या अभ्यासात 24 जणांना 'तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास' ही खोटी गोष्ट घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींत मिसळून दिली, तर शेवटच्या मुलाखतीतही 6 जणांना ती पूर्ण किंवा थोडीफार आठवत होती. तेव्हा तारखा, संवाद, कोण आधी काय बोललं यावर शंका घ्या, खुशाल घ्या.

पण 'असं कुठे असतं का' हे मात्र टिकत नाही. व्हिन्सेंट फेलिटी हे सॅन दिएगोत लठ्ठपणाचा दवाखाना चालवायचे, छान वजन उतरलेले पेशंटच मधेच सोडून जायला लागले म्हणून त्यांनी खोदून विचारलं, तर एकामागोमाग एक बालपणीचे अत्याचार बाहेर यायला लागले. त्यातून मोठा सर्व्हे झाला, 1998 च्या पहिल्या शोधनिबंधात 9,508 माणसं, बहुतेक मध्यमवर्गीय, विमा असलेली, आणि निम्म्याहून जास्त जणांनी मार, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारहाण अशांपैकी किमान एक तरी प्रकार लहानपणी बघितलेला किंवा भोगलेला. मग साध्या हिशोबाने आमच्या आठ जणांच्या कट्ट्यातही कोणीतरी असणारच ना, हे मला त्या दिवशी सुचलं नव्हतं, मी आपला 'काय ती बाई' म्हणत पोहे खात होतो.

काकूंनी पुस्तक परत दिलं तेव्हा वर्तमानपत्राचं कव्हर तसंच होतं. आत दूधवाल्याच्या हिशोबाची चिठ्ठी, ज्या पानावर थांबल्या तिथे. काढू का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, बघते परत कधीतरी.