रिस्ट्रिक्शन

रिस्ट्रिक्शन : (निर्बंध). मोकळीक पुरती काढून न घेता तिला मर्यादा घालणे, या अर्थाचा इंग्रजी शब्द. बंदीत दार लागलेलेच असते. निर्बंधात ते किलकिले राहते. रात्री दहापर्यंतच ध्वनिक्षेपक, ठरावीक वजनापर्यंतच मालमोटार, हे निर्बंध. मराठी बातम्यांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कायद्यातही ही रेघ वाटते तितकी सरळ नाही, कारण पूर्ण बंदीही प्रसंगी ‘निर्बंध’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘रेस्ट्रिंगेरे’ या क्रियापदात आहे. ‘रे’ म्हणजे मागे, ‘स्ट्रिंगेरे’ म्हणजे आवळणे, ताणून बांधणे. पाठीमागे हात बांधणे यासाठीही लॅटिनमध्ये हे क्रियापद येते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : मुसक्या आवळणे. हेच क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले तेव्हा त्याचे ‘रिस्ट्रेन’ झाले. ‘रिस्ट्रिक्ट’ हे रूप थेट लॅटिन धातुसाधितावरून सोळाव्या शतकात आले. अठराव्या शतकात इंग्रज पंडित त्याला स्कॉटिश म्हणून नाक मुरडत.

‘स्ट्रिंगेरे’चा गोतावळा मोठा आहे. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे मुळात घट्ट ताणलेला. ‘अ‍ॅस्ट्रिंजंट’ म्हणजे तुरट : कच्चे जांभूळ चावल्यावर जीभ आणि गाल आत ओढल्यासारखे होतात, किंवा दाढीनंतर तुरटी फिरवली की कातडी आवळते, तोच हा अर्थ. ‘डिस्ट्रिक्ट’ हा मध्ययुगात सरदाराच्या अंमलाचा, त्याला जप्ती करता येई तो मुलूख. आपण त्याला जिल्हा म्हणतो. सर्वांत मजेदार ‘प्रेस्टीज’. डोळ्यांपुढे बांधणे, त्यावरून जादूगाराची हातचलाखी, आणि मग प्रतिष्ठा! मराठीतली ‘नजरबंदी’ त्याच वाटेने गेली, फक्त प्रतिष्ठेपर्यंत पोचली नाही. ‘स्ट्रिंग’ म्हणजे दोरी मात्र या लॅटिन शब्दातून आलेली नाही. ती जर्मानिक घराण्यातली आहे.

मराठी ‘निर्बंध’ही बांधण्यातूनच आला. संस्कृतात मात्र ‘निर्बन्ध’ म्हणजे आग्रह, हट्ट.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये स्वातंत्र्यांवर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा राज्याला आहे. भाषणस्वातंत्र्यासंबंधीच्या खंड (२) मध्ये ‘वाजवी’ हे विशेषण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने निर्बंधाची कारणेही वाढवली, हे विसरून चालत नाही. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालये तपासू शकतात. त्या एका विशेषणाचे वजन तिथे आहे.

जीवशास्त्रातील ‘रिस्ट्रिक्शन एन्झाइम’ हे नाव जीवाणूंमुळे पडले. काही जीवाणू आपल्यात शिरलेल्या विषाणूचा डीएनए कापून त्याची वाढ रोखतात. ती रोखणारी कात्री म्हणजे हे विकर (एन्झाइम). या शोधासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चे नोबेल मिळाले.