राष्ट्रपतींचे यजमान आणि सरपंचबाईंचे मालक

मराठवाड्यातल्या कुठल्याही पंचायत समितीच्या आवारात भर दुपारी थोडा वेळ उभं राहा. ‘या सरपंच’, ‘बसा सरपंच’ अशा हाका ऐकू येतात आणि ओ देणारा पुष्कळदा पुरुष असतो. त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीतल्या फलकावर सरपंच म्हणून नाव मात्र त्याच्या बायकोचं असतं. कुणी हटकलंच तर एक उत्तर हमखास मिळतं : “त्यात काय एवढं? प्रतिभाताई राष्ट्रपती होत्या, तेव्हा त्यांचे यजमान नव्हते का सोबत?”

होते. पण तुलना तिथेच संपते. ती का संपते, हे नीट मांडायला हवं, कारण वरवर पाहता दोन्हीकडे चित्र सारखंच दिसतं. बाई पदावर आणि नवरा शेजारी.

आधी राष्ट्रपतींच्या जोडीदाराचं पाहू. राज्यघटनेत कलम ५२ पासून राष्ट्रपतींविषयी तरतुदी आहेत. निवडणूक, शपथ, महाभियोग, सगळं आहे. जोडीदाराचा उल्लेख कुठेही नाही. शपथ एकटे राष्ट्रपती घेतात. जोडीदाराला पगार नाही, अधिकार नाही, सहीचा शिक्का नाही. ‘प्रथम महिला’ हे संबोधन शिष्टाचाराचं आहे, पद नव्हे. कायद्यात जोडीदार येतो तो १९५१ च्या राष्ट्रपतींच्या वेतन व निवृत्तिवेतनाच्या कायद्यात. राष्ट्रपतींच्या निधनानंतर हयात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, राहायला घर आणि मोफत उपचार मिळतात. म्हणजे कायद्याने काळजी घेतली आहे, कारभार दिलेला नाही.

मग काम काय? पाहुणचार. परदेशी राष्ट्रप्रमुख सपत्नीक आले की स्वागताला उभं राहणं, मेजवानीत सोबत करणं, दौऱ्यात शाळा-इस्पितळांना भेट देणं. काम मानाचं आहे, पण त्यातून एकही निर्णय निघत नाही. प्रतिभाताई पाटलांचे यजमान देवीसिंह शेखावत यांचंच उदाहरण घ्या. ते काही कारभार न कळणारे गृहस्थ नव्हते. अमरावतीचे आमदार आणि महापौर राहिलेले. फाइल कशी चालते, बैठक कशी हाकायची, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी २००७ ते २०१२ या पाच वर्षांत एकाही विधेयकाला त्यांच्या सहीने मंजुरी मिळू शकत नव्हती. अनुभव होता, अधिकार नव्हता. “बाईंना कारभारातलं काही कळत नाही, म्हणून मी पाहतो,” असं सांगणाऱ्या प्रत्येक मालकाने हे ध्यानात घ्यावं. एखाद्याला कळतं, म्हणून त्याला अधिकार मिळत नाही.

जोडीदाराच्या जागेची खरी पारख ती रिकामी असताना होते. अब्दुल कलाम अविवाहित होते. प्रणव मुखर्जींच्या पत्नी शुभ्रा मुखर्जी यांचं २०१५ मध्ये, ते पदावर असतानाच निधन झालं. द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या त्याच्या कितीतरी आधी त्यांचे पती गेले होते. राष्ट्रपतिपदाच्या अधिकारात यामुळे कुठे खंड पडला? नाही पडला. आता उलट बाजू पाहा. राष्ट्रपतीच गेले तर? झाकिर हुसेन, आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या राजधानीत जन्मलेले, ३ मे १९६९ रोजी पदावर असताना वारले. कारभार त्यांच्या पत्नी बेगम शाहजहाँ यांच्याकडे गेला नाही, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे गेला. १९७७ मध्ये फखरुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा बी. डी. जत्ती आले. फखरुद्दीन यांच्या पत्नी बेगम आबिदा अहमद पुढे राजकारणात आल्या, १९८० च्या दशकात बरेलीतून लोकसभेवर गेल्या, पण त्या स्वतःच्या नावावर मतं मागून.

हीच पारख गावात लावून पाहा. सरपंच गैरहजर असल्या तर मासिक सभेचं अध्यक्षपद कुणाकडे जातं? कायदा सांगतो, उपसरपंचाकडे. नवऱ्याचं नाव इथेही कुठे नाही. पण प्रत्यक्षात मालक चार दिवस लग्नाला परगावी गेले की टँकरचा प्रस्ताव अडतो, घरकुलाच्या यादीवर चर्चा होत नाही, आणि घरी गेलेल्या माणसाला सरपंचबाईच सांगतात, “मालक आल्यावर या.” पदावरची बाई गावात आहे आणि कारभार मात्र बाहेरगावी गेला आहे. राष्ट्रपती भवनात असं कधी घडू शकत नाही.

आता तर पैशाचीही खूण आहे. वित्त आयोगाचा निधी खर्चताना सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचांच्या सहीचं डोंगल, म्हणजे अशी सही करायला संगणकाला लावायचं छोटं उपकरण, कुणाच्या खिशात असतं, एवढं एक विचारा. बाईंच्या पर्समध्ये असेल तर नवरा सोबत आला काय, गाडी चालवली काय, काही बिघडत नाही. ते मालकांच्या शर्टाच्या खिशात असेल, तर त्या गावात सरपंच कोण हे वेगळं सांगायला नको. आणि पुढे चौकशी लागली, वसुली निघाली, तर नोटीस येते ती बाईंच्या नावाने. मला यातलं सर्वांत जास्त हेच खटकतं. निर्णय एकाचा आणि जबाबदारी दुसरीची.

कुणी म्हणेल, मोठ्या पदांवर असं होतच नाही, हे दुखणं फक्त खेड्यातलं आहे. तसं नाही. २ ऑक्टोबर १९१९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांच्या पत्नी एडिथ यांनी कोणते कागद त्यांच्यापर्यंत जायचे आणि कोणते नाहीत, हे ठरवायला सुरुवात केली. मंत्र्यांचे निरोप त्यांच्या हातून जात-येत. उपराष्ट्राध्यक्ष थॉमस मार्शल होते, पण कारभार त्यांच्याकडे आला नाही, आणि मार्च १९२१ मध्ये मुदत संपेपर्यंत हे असंच चाललं. एडिथबाईंचा हेतू आजारी नवऱ्याला जपण्याचा असेल. तरी देशाने त्यांना निवडलेलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष काम करायला असमर्थ ठरले तर कारभार उपराष्ट्राध्यक्षांकडे कसा सोपवायचा, हे अमेरिकेने पुढे १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने पक्कं केलं. जोडीदार पाहुणचारातून उठून कारभारात बसला की पद कितीही उंच असो, गोष्ट आपल्या गावासारखीच होते. फरक असा की तिथे नवरा अंथरुणाला खिळला होता. आपल्याकडच्या सरपंचबाई धडधाकट असतात.

आपल्याकडेही हे कुणाच्या नजरेत आलं नाही असं नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हा वाटा वाढवून निम्म्या जागांवर नेला. २०१५ च्या पंचायत राज दिनी पंतप्रधानांनीच ही सरपंचपतींची पद्धत बंद व्हायला हवी असं सांगितलं, आणि २०२३ मध्ये केंद्राने याच प्रश्नावर समितीही नेमली.

नवऱ्याने मदतच करू नये का? जरूर करावी. तालुक्याला जायला रात्री उशिरापर्यंत एस.टी. नसते, घरात लहान पोरं असतात, परिपत्रकांची भाषा पहिल्या वर्षी कुणालाच कळत नाही. त्याने गाडीवर नेऊन सोडावं, पोरांना सांभाळावं, संध्याकाळी बसून परिपत्रक वाचून दाखवावं. सभा सुरू झाली की मात्र बाहेर बसावं. अशी घरं मराठवाड्यात आहेत, आणि तिथल्या सरपंचबाई गटविकास अधिकाऱ्यांसमोर स्वतः बोलतात.

ग्रामसभा असली तर मालकांनी आतही यावं. गावचे मतदार म्हणून त्यांना तिथे प्रश्न विचारायचा, ठरावाला हात वर करायचा पूर्ण हक्क आहे. फक्त ते सतरंजीवर, बाकीच्या गावकऱ्यांसोबत बसतील, आणि ठराव वाचून दाखवतील सरपंच.