प्लास्टिक भंगार, नागपुरातील

घरे, दुकाने व बाजारांतून निघणारे आणि पुन्हा विकले जाऊ शकणारे टाकाऊ प्लास्टिक. विकण्याजोगे कबाडीवाल्याकडे जाते. उरलेले महापालिकेच्या गाडीतून शहराच्या पूर्वेकडील भांडेवाडीच्या कचरा डेपोत पोहोचते.

भाव किलोवर ठरतो, आणि माल जितका निवडलेला व कोरडा तितका जास्त मिळतो. छाटणीला बसलेल्या बाया वस्तूवर छापलेली प्लास्टिकच्या प्रकाराची चिन्हे वाचत बसत नाहीत. वस्तू वाकवून, दाबून, तिच्या आवाजावरून ढीग वेगळे करतात. शंका आली तर पाणी निवाडा करते. पाण्याची बाटली पॉलिएस्टर जातीची, घनता सुमारे 1.38 (पाण्याची 1), म्हणून तिचा चुरा तळाशी बसतो. तिचेच झाकण पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असल्याने तरंगते. पीव्हीसीही बुडते, आणि ते बाटल्यांच्या चुऱ्यात मिसळले तर वितळवताना अख्खा घाणा बिघडवते. पुढे धुतलेल्या चुऱ्यापासून धागा किंवा दाणा बनतो आणि दाण्यापासून बादल्या, पाइप, दोरी. दर फेरीला प्लास्टिकचा कस मात्र थोडा उतरतो.

या व्यवहारात सर्वांत नालायक ठरते ती पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिकचा तुकडा, त्यातही खर्र्याची. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा हा खर्रा ज्या तुकड्यात घोटायचा, त्यातच पुडी बांधून द्यायची, ही पानठेल्याची रीत. तुकडा इतका हलका की किलोभर जमवायला दिवस जावा, वर चुन्या-थुंकीने माखलेला. कबाडी त्याला हातही लावत नाही. वेफर्सच्या पाकिटांचीही तीच गत, कारण त्यांत धातूचा मुलामा दिलेले थर एकमेकांना चिकटलेले असतात. असा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून खपतो. उघड्यावर टाकलेला पावसाळ्यात नाल्यांतून नाग नदीत उतरतो, तिथून कन्हान आणि वैनगंगेकडे जातो.

महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये पिशव्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. खर्राही राज्यात बंदच आहे. पानठेल्यावर पन्नी आणि खर्रा दोन्ही एकत्रच मिळतात.

नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन काढण्याची प्रक्रिया मांडली, तेव्हा तिची देशभर चर्चा झाली. अशा प्रक्रियेत निवडीचा जाच कमी असतो, पण प्लास्टिक इंधन होऊन जळून संपते, पुन्हा बादली होत नाही. म्हणून निवडलेल्या मालाला कबाडीचाच रस्ता बरा पडतो.