ऑपरेशन झालं, तरी कंबर दुखतेच: या दुखण्याच्या उपचारांची पार्श्वभूमी

मणक्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, जखम भरली, एमआरआयमध्ये नसही मोकळी दिसते. तरीही कंबर ठणकते, पायातली कळ जात नाही. अशा रुग्णाला अनेक वर्षं एकच वाट दाखवली गेली: पुन्हा तपासणी आणि पुन्हा ऑपरेशन. ही वाट पडली कशी, हे कळायला १९३४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी बोस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९ रुग्णांच्या आधारे दाखवून दिलं, की दोन मणक्यांमधली चकती फाटून तिचा गर नसेवर दाबला जातो आणि पायात कळा येतात. तो तुकडा काढला की कळ थांबते. शोध खरोखरच मोठा होता. पायात उतरणाऱ्या कळेसाठी हे ऑपरेशन आजही उपयोगी पडतं. पण त्यातून अशी समजूत घट्ट झाली, की प्रत्येक पाठदुखीमागे एक बिघडलेली जागा असतेच आणि ती सापडली की प्रश्न मिटला. मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन १९११ पासून होत होतं, त्यात क्षयाने पोखरलेले मणके सावरण्याचा हेतू मोठा होता. पुढे तेही साध्या कंबरदुखीसाठी होऊ लागलं.

या समजुतीची किंमत पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांच्या पाठीवर स्पष्ट दिसते. पहिलं ऑपरेशन १९४४ मध्ये झालं. १९५४ मध्ये दुसऱ्या वेळी मणके जोडायला धातूची पट्टी बसवली, जंतुसंसर्ग झाला आणि प्रकरण जिवावर बेतलं. धर्मगुरूंना बोलावून अखेरचे संस्कारही करण्यात आले. काही महिन्यांनी ती पट्टी काढायला तिसरं ऑपरेशन आणि १९५७ मध्ये चौथं. दुखणं मात्र गेलं नाही. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल स्नायूंमधल्या दुखऱ्या जागी इंजेक्शनं देत, त्याने तेवढ्यापुरता आराम पडे. १९६१ च्या अखेरीस डॉ. हान्स क्राउस यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्येच नियमित व्यायाम सुरू करून दिला, ताठरलेले आणि दुबळे पडलेले स्नायू हळूहळू कामाला लावले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या हालचालीत फरक दिसू लागला. राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत चार ऑपरेशनं झालेल्या माणसाला व्यायाम इतक्या उशिरा मिळावा, हे मला फार बोचतं.

व्यायामाने असा फरक का पडावा, याचं उत्तर त्या काळच्या शास्त्राकडे नव्हतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतच कमीजास्त होतो. दुखापत आणि वेदना यांचं प्रमाण एकच असेल असं नाही. ऑपरेशननंतर नसेभोवती व्रण धरतो, शेजारच्या मणक्यांवर ताण वाढतो, हे खरंच. पण अनेक महिने दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते आणि साध्या वाकण्यालाही धोका समजते. त्यात झोप उडते, भीतीने हालचाल कमी होते, स्नायू आणखी दुबळे होतात.

१९९४ मधल्या एका अभ्यासाने तर जुन्या समजुतीच्या मुळालाच हात घातला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या किमान एका चकतीला फुगवटा दिसला. फोटोत दिसेल ते दुखण्याचं कारण असेलच, असं त्यानंतर म्हणता येईना. पुढे २००६ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी चकतीच्या ऑपरेशननंतरही कंबर दुखत राहिलेले ६० रुग्ण घेतले. काहींचे मणके जोडले, तर बाकीच्यांची हालचालीविषयीची भीती समजावून दूर केली आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. वर्षभराने दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

मज्जारज्जूजवळ तारा बसवून विजेचे सौम्य झटके देण्याची कल्पना १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी प्रत्यक्षात आणली. २००७ च्या एका चाचणीत ऑपरेशननंतरच्या पायदुखीला तिचा चांगला फायदा दिसला, पण २०२२ च्या नॉर्वेजियन चाचणीत यंत्र चालू असो वा बंद, फरक पडला नाही. तिच्या उपयोगाविषयी डॉक्टरांत अजून एकमत नाही. अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांबाबत मात्र मत बरंच स्पष्ट झालं आहे: दीर्घकाळ घेतल्या तर सवयीचा धोका मोठा आणि फायदा थोडा.

आज भर आहे तो बेताबेताने वाढवलेल्या व्यायामावर, झोपेवर, मानसिक आधारावर आणि गरजेपुरत्या औषधांवर. दुसऱ्या ऑपरेशनला नेमकं कारण लागतं: गर पुन्हा बाहेर येऊन नस दबणं, मणके जोडताना बसवलेला स्क्रू ढिला होणं किंवा जंतुसंसर्ग. पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेभोवती बधिरपणा आला, तर व्यायामाने बरं होईल म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.