स्मार्ट (इंग्रजी विशेषण)

स्मार्ट हे इंग्रजीतलं रोजच्या वापरातलं विशेषण, आणि मराठीत ते इतकं मुरलंय की परकं वाटतच नाही. अर्थ मात्र बरेच आहेत, कोण कुठे कुठल्या सुरात बोलतंय त्यावर बदलणारे.

सगळ्यात भारी आहे तो मूळ अर्थ. जुन्या इंग्रजीत स्मार्ट म्हणजे झोंबणारं, वेदना देणारं. जर्मनमधला श्मेर्त्स म्हणजे वेदना, तो याच कुळातला, आणि डचमध्ये तर स्मार्ट म्हणजे आजही दुःखच, तिकडे रडक्या गाण्यांना स्मार्टलाप म्हणतात. इंग्रजीत क्रियापद म्हणून हा अर्थ अजून जिवंत आहे, डोळ्यात साबण गेला आणि चुरचुरायला लागलं की 'माय आइज आर स्मार्टिंग' म्हणतात. झोंबणारा मार, मग जोरकस, मग चपळ, मग जीभ तिखट आणि डोकं तल्लख असं सरकत सरकत हे आलंय. कपड्यांचा टापटीपपणा बराच नंतरचा, अठराव्या शतकातला.

अमेरिकेत स्मार्ट म्हणजे मुख्यतः हुशार. ब्रिटनमध्ये 'यू लुक स्मार्ट' म्हटलं तर कपड्यांचं कौतुक असतं, आणि नुसतं 'लुक स्मार्ट' म्हटलं तर आवर लवकर! आपण दोन्हीकडचं उचललं, शिवाय देखणा हा अर्थ जास्त ठळक केला, 'मुलगा स्मार्ट आहे' यात बुद्धीपेक्षा रूपच जास्त असतं. आगाऊपणासाठी ओव्हरस्मार्ट हा शब्द तर मुख्यतः भारतीय इंग्रजीतलाच, आणि मला तो फार नेमका वाटतो. 'जास्त स्मार्टपणा करू नको' हे तर घराघरात ऐकू येतं.

यंत्रांना हे विशेषण लागलं ते विसाव्या शतकात, स्मार्ट बॉम्ब, स्मार्ट कार्ड, मग स्मार्टफोन. १९९४ चा आयबीएम सायमन पहिला स्मार्टफोन मानतात. २०१५ मध्ये केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन आलं, जानेवारी २०१६ च्या पहिल्या २० शहरांत पुणे आणि सोलापूर होती. इथे स्मार्टचा अर्थ सेन्सर, डेटा आणि नेटवर्क असा घ्यायचा, पण रस्ते, फूटपाथ, पाणी हेही त्याच शब्दाखाली आलं, आणि माझ्या मते शब्द पातळ झाला तो इथेच.

तुलनेत रूपं साधी, स्मार्टर आणि स्मार्टेस्ट, 'मोअर स्मार्ट' सहसा म्हणत नाहीत.